चूक कुणाला सांगायची?

फोन सातारा जिल्ह्यातून आला होता. बोलणारे गृहस्थ एका माध्यमिक शाळेतले, निवृत्तीला आलेले शिक्षक. "अहो, तुमच्या साइटवरून शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकाच्या बारा प्रती मागवल्यात. बिल मात्र साठच रुपयांचं आलंय. पुस्तकांचे पैसे धरायचे राहिलेत बहुतेक. किती पाठवू ते सांगा."

एका पुस्तकविक्रेत्यासाठी मी ती साइट बनवली होती. एका प्रतीची किंमत अडीचशे रुपये, म्हणजे बारा प्रतींचे तीन हजार आणि वर टपालखर्च साठ. गुरुजींच्या बिलात टपालखर्च तेवढा दिसत होता, पुस्तकांची रक्कम शून्य होती. मी सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. सर्व्हर आपल्या कामाची आणि बिघाडांची नोंद ज्या फाइलमध्ये ठेवतो तो लॉग. त्या दिवसाच्या नोंदींत एकाही चुकीचा उल्लेख नव्हता. सर्व्हरच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं.

कारण सापडायला अर्धा तास गेला. गुरुजींनी प्रतींच्या चौकटीत १२ हा आकडा देवनागरीत टाइप केला होता. मराठी पुस्तक मागवणारा मराठी माणूस आकडाही मराठीत लिहिणार, यात वावगं काहीच नाही. पण इंग्रजी एक हा आकडा संगणकात ४९ या एकाच बाइटने साठवला जातो, तर देवनागरी १ साठवायला २२४, १६५ आणि १६७ असे तीन बाइट लागतात. आमची साइट पीएचपी या भाषेत लिहिलेली, तीही तेव्हाच्या पाचव्या आवृत्तीत. पीएचपीला फक्त इंग्रजी आकडे कळतात. समोर आलेल्या अक्षरांत तिला संख्या दिसली नाही, म्हणून तिने शून्य धरलं, त्याला अडीचशेने गुणलं आणि मुकाट्याने पुढची ओळ चालवायला घेतली.

लॉगमध्ये जी ओळ यायला हवी होती आणि आली नाही, ती कशी आणायची, हा या प्रकरणाचा विषय.

चालतं ठेवायची सवय

प्रोग्रॅममधल्या चुका ढोबळमानाने दोन प्रकारच्या. कंस बंद करायचा राहिला, अर्धविराम सुटला, तर ती व्याकरणाची चूक. ती प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच पकडली जाते. दुसरी चूक व्याकरणात नसते. कोड अगदी बिनचूक दिसतो, पण चालताना समोर असं काही येतं की ज्याची लिहिणाऱ्याने कल्पनाच केलेली नसते. फाइल जागेवर नसते, डेटाबेस उत्तर देत नाही, भाजक शून्य निघतो, आकड्याच्या जागी शब्द येतो. हिला रनटाइम एरर म्हणतात. वेबवर ही जास्त छळते, कारण ती घडते तेव्हा प्रोग्रॅमर समोर नसतो. समोर असतो साइटवर आलेला अनोळखी माणूस.

अशा वेळी भाषेने काय करावं? पीएचपीचं सुरुवातीचं उत्तर तिच्या जन्मातून आलेलं आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपला बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता. तो किती जण पाहतात हे मोजायला त्यांनी काही लहान प्रोग्रॅम लिहिले. 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने १९९५ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. घरगुती पानांसाठीच्या या अवजाराचा कल साहजिकच असा राहिला की पानाचा एखादा तुकडा बिघडला तरी उरलेलं पान दिसावं. फाइल उघडली नाही तर सूचना द्यायची आणि पुढे जायचं. व्हेरिएबलला किंमतच दिलेली नसेल तर ते रिकामं समजायचं आणि पुढे जायचं. पाहुण्यांची संख्या मोजणाऱ्या पानाला हे शोभून गेलं. पुढे त्याच भाषेत लोक बिलं, प्रवेशअर्ज आणि बँकेचे व्यवहार लिहू लागले, तेव्हा तीच सवय महागात पडू लागली. थांबलेलं पान निदान डोळ्यांना दिसतं. चुकीचं बिल बनवून पुढे गेलेलं पान तसं दिसत नाही, गुरुजींसारख्या एखाद्या प्रामाणिक माणसाच्या फोनची वाट पाहावी लागते.

चुकांची मापं

पीएचपी सगळ्या चुका एकाच मापाने मोजत नाही. 'नोटिस' म्हणजे नुसती जाणीव: इथे काहीतरी संशयास्पद आहे. 'वॉर्निंग' म्हणजे काम नीट झालेलं नाही, तरी मी पुढे जाते आहे. 'फेटल एरर' म्हणजे इथून पुढे जाता येत नाही. शिवाय व्याकरणाची 'पार्स एरर', पुढच्या आवृत्तीत बंद होणाऱ्या गोष्टींची सूचना देणारी 'डेप्रिकेटेड', आणि प्रोग्रॅमरने आपण होऊन द्यायच्या 'यूजर' चुका आहेत.

प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक आहे. फेटल एररचा १, वॉर्निंगचा २, पार्सचा ४, नोटिसचा ८, असं दुप्पट करत करत शेवटचा क्रमांक १६३८४. हे क्रमांक तराजूच्या वजनांसारखे काम करतात. एक, दोन, चार आणि आठ किलोची चार वजनं हाताशी असली की एक ते पंधरापर्यंत कुठलंही माप घालता येतं, आणि प्रत्येक माप एकाच तऱ्हेने जुळतं. तसंच इथे. मला वॉर्निंग आणि नोटिस हव्यात, बाकी नकोत, हे सांगायला १० हा एकच आकडा पुरतो, कारण २ आणि ८ खेरीज दुसऱ्या कुठल्याही जोडीने १० होत नाहीत. पंधरा प्रकारांची मिळून बेरीज ३२७६७. २०२४ च्या ८.४ या आवृत्तीत २०४८ क्रमांकाचा 'स्ट्रिक्ट' हा प्रकार काढून टाकला, तेव्हा ही बेरीज ३०७१९ झाली.

पण माप असणं वेगळं आणि ते वापरणं वेगळं. आठव्या आवृत्तीपर्यंत पीएचपीची मूळ मांडणी अशी होती की नोटिसा दाखवायच्याच नाहीत. नवशिक्या प्रोग्रॅमरचा कोड शेकडो नोटिसा देत असे आणि त्याला त्याचा पत्ताच नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ आली आणि सगळं ऐकवणं हीच मूळ मांडणी झाली.

एक संदेश, दोन वाचक

आता चूक ऐकू आली असं समजू. ती दाखवायची कुठे? पीएचपीत 'डिस्प्ले एरर्स' नावाची सेटिंग आहे. ती चालू असली की चुकीचा संदेश सरळ पानावर उमटतो: कोणती चूक, सर्व्हरवरच्या कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल, कितवी ओळ. घरी काम करत असताना प्रोग्रॅमरला यासारखी मदत नाही. पण हीच सेटिंग प्रत्यक्ष साइटवर चालू राहिली तर तो मजकूर गुरुजींच्या पडद्यावर जातो. गुरुजींना त्यातलं अक्षर कळत नाही, आणि ज्याला साइट फोडायची आहे त्याला आतला नकाशा फुकट मिळतो.

नकाशाच काय, किल्लीही मिळू शकते. न झेललेल्या चुकीबरोबर पीएचपी 'स्टॅक ट्रेस' देते, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला काय देऊन बोलावलं याची साखळी. डेटाबेसशी जोडणी तुटली तर या साखळीत डेटाबेसचा पासवर्डही छापला जाऊ शकत असे. म्हणून ७.४ मध्ये ट्रेसमधून अशा किमती वगळण्याची सेटिंग आली, आणि २०२२ च्या ८.२ मध्ये एखादी किंमत संवेदनशील आहे असं कोडमध्येच लिहून ठेवायची सोय झाली. अशी किंमत ट्रेसमध्ये झाकली जाते.

मग डिस्प्ले बंदच करून टाकावा? करावाच, पण तेवढ्याने भागत नाही. फेटल एरर आली की पाहुण्यासमोर उरतो नुसता पांढरा पडदा. माणूस दोनदा पान रिफ्रेश करतो आणि निघून जातो. जाताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: माझे पैसे गेले की राहिले?

म्हणजे चूक एकच, पण तिला वाचक दोन. प्रोग्रॅमरला हवी फाइल, ओळ, वेळ आणि ट्रेस. पाहुण्याला हवं एवढंच: तुमची ऑर्डर झाली नाही, पैसे कापलेले नाहीत, थोड्या वेळाने पुन्हा पाहा, विचारायचं असेल तर हा क्रमांक सांगा. शिवाय एक तिसरा, मुका वाचक आहे: पानाबरोबर जाणारा तीन आकडी स्टेटस कोड वाचणारे प्रोग्रॅम, म्हणजे सर्च इंजिनं आणि साइटवर नजर ठेवणाऱ्या सेवा. २०० म्हणजे सगळं ठीक, ५०० म्हणजे सर्व्हरवर बिघाड. डिस्प्ले चालू असताना पान मध्येच कोसळलं तर पीएचपी ५०० पाठवत नाही, २०० च जातो. रात्रभर पान कोसळत राहतं आणि पहाऱ्यावरचा प्रोग्रॅम सकाळपर्यंत 'ठीक' असंच लिहितो.

यात भाषेचाही प्रश्न आहे. पीएचपीची घडण बदलून १९९८ ची तिसरी आवृत्ती आणणारे अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की हे इस्रायलमधल्या तंत्रशिक्षण संस्थेचे, टेक्नियनचे विद्यार्थी. दोन विसर्गचिन्हं एकापुढे एक ठेवल्यासारखं :: हे चिन्ह पीएचपीत येतं. त्याचं आतलं नाव हिब्रूत आहे: 'पामायिम नेकुदोतायिम', म्हणजे दोनदा दोन टिंबं. हे चिन्ह चुकलं की पडद्यावर ते नाव येई आणि जगभरचे प्रोग्रॅमर चक्रावून जात. अखेर ५.४ या आवृत्तीत त्या नावाशेजारी प्रत्यक्ष चिन्हही छापायला सुरुवात झाली. संदेश खरा होता, पण ऐकणाऱ्याच्या भाषेत नव्हता. गुरुजींच्या दृष्टीने इंग्रजी वॉर्निंगचंही तसंच. पीएचपीचे स्वतःचे संदेश फक्त इंग्रजीत असतात. आपल्या वाचकाशी मराठीत बोलायचं तर चूक आपल्या हातात घ्यावीच लागते.

आपला हँडलर

ती हातात घ्यायची सोय चौथ्या आवृत्तीपासून आहे. 'सेट एरर हँडलर' नावाचं फंक्शन आहे. त्याला आपण लिहिलेल्या फंक्शनचं नाव द्यायचं. त्यानंतर चूक झाली की पीएचपी पानावर काही छापत नाही, आपल्या फंक्शनला, म्हणजे हँडलरला, हाक मारते आणि चार गोष्टी हातात ठेवते: चुकीचा क्रमांक, संदेश, फाइलचं नाव आणि ओळ. पुढचा निर्णय आपला.

इथे एक खाच आहे आणि बहुतेक जण तिच्यात एकदा तरी पाय घालतात. आपल्या हँडलरने 'फॉल्स' परत दिलं तर पीएचपी आपली नेहमीची रीत चालू ठेवते. दुसरं काहीही दिलं तर तिला वाटतं, चूक निस्तरली गेली. मग ती चुकीच्या पुढच्या ओळीपासून प्रोग्रॅम चालू ठेवते. म्हणजे हँडलरने लॉगमध्ये सुरेख नोंद केली, पण बिल शून्याचं बनायचं ते बनलंच. नोंद झाली याचा अर्थ निवारण झालं असा नाही.

म्हणून आज मुरलेले प्रोग्रॅमर हँडलरमध्ये चुकीचं रूपांतर 'एक्सेप्शन'मध्ये करतात. एक्सेप्शन २००४ च्या पाचव्या आवृत्तीत आलं, आणि जुन्या धाटणीच्या चुकांना त्याचं रूप देणारा 'एरर एक्सेप्शन' हा खास प्रकार ५.१ मध्ये. एक्सेप्शन फेकलं की प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जात नाही. बोलावणाऱ्या फंक्शनकडे, तिथून त्याला बोलावणाऱ्याकडे, असं ते वर वर जातं. वाटेत कुणी 'कॅच' लिहून झेललं तर तिथे थांबतं. कुणीच झेललं नाही तर 'सेट एक्सेप्शन हँडलर'ने नेमलेल्या शेवटच्या फंक्शनकडे पोचतं. पाहुण्याला दाखवायचं सभ्य मराठी पान, ५०० चा स्टेटस कोड आणि लॉगमधली सविस्तर नोंद, या तिन्हींची जागा तीच.

हँडलर लिहिताना एका चिन्हाची आठवण ठेवावी लागते. ओळीच्या आधी @ लिहिलं की पीएचपी त्या ओळीची चूक दडपते. आपला हँडलर मात्र तरीही बोलावला जातो. ही चूक मुद्दाम दडपलेली आहे का, हे त्याने स्वतः पाहायचं असतं. पूर्वी अशा वेळी ऐकायच्या चुकांचा आकडा शून्य येई. पीएचपी ८ पासून तो ४४३७ येतो, कारण गंभीर चुका आता @ ने दडपता येत नाहीत. ज्यांनी 'शून्य आहे का' एवढंच तपासलं होतं त्यांचे हँडलर या बदलाने फसले. प्रकार आकड्यात बसतो का, ही वजनांची बेरीजच तपासायला हवी.

जिथे हँडलर पोचत नाही

एरर हँडलरला सगळ्या चुका दिसत नाहीत. प्रोग्रॅम जागीच कोसळवणारी फेटल एरर त्याच्यापर्यंत येतच नाही. पूर्वी नसलेलं फंक्शन बोलावलं एवढ्यानेही पान संपत असे. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली आणि अशा बहुतेक चुका फेकता-झेलता येऊ लागल्या. त्यांचं कूळ मात्र वेगळं ठेवलं. प्रोग्रॅमरने फेकायचं ते 'एक्सेप्शन', भाषा स्वतः फेकते ते 'एरर', आणि दोघांचं सामाईक नाव 'थ्रोएबल'. शेवटच्या झेलाला फक्त 'एक्सेप्शन' झेल असं सांगितलेलं असेल, तर 'एरर' हातातून निसटते.

तरीही काही चुका उरतातच. उदाहरणार्थ मेमरी संपणं. पीएचपीच्या एका पानाला एरवी १२८ एमबी मेमरीची मुभा असते. ती संपली की झेलायलाही कुणी जागं राहत नाही. मग शेवटचा उपाय 'शटडाउन फंक्शन'. पान कसंही संपो, सरळ किंवा कोसळून, शेवटी याला हाक जाते. शेवटची चूक कोणती होती हे तिथे विचारता येतं आणि निरोप लिहिता येतो. पण मेमरीच उरलेली नसेल तर निरोप लिहायचा कशावर? लॅराव्हेल या लोकप्रिय फ्रेमवर्कने यावर साधी युक्ती केली आहे. पान सुरू होतानाच एक्स हे अक्षर ३२७६८ वेळा लिहून ती लांबलचक माळ बाजूला ठेवायची. तिचा दुसरा काही उपयोग नाही. कोसळण्याची वेळ आली की आधी ती माळ फेकून द्यायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत शेवटची नोंद करायची. अडीअडचणीसाठी घरातल्या बाईने डब्यात बाजूला ठेवलेल्या नोटेसारखीच ही सोय.

शटडाउन फंक्शनचा मोठा उपयोग वर्डप्रेसने केला. मराठीतली असंख्य संकेतस्थळं आणि ब्लॉग वर्डप्रेसवर चालतात आणि वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे. एखादं प्लगइन बिघडलं की पूर्वी सगळी साइट पांढरी पडे. मालकालाही आत शिरता येत नसे, कारण आतलं पानही त्याच प्लगइनपाशी कोसळे. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस शटडाउनच्या वेळी चूक पकडतं, पाहुण्याला थोडक्यात सांगतं आणि मालकाला ईमेलने एक खास दुवा पाठवतं. त्या दुव्यावरून आत गेलं की बिघडलेलं प्लगइन मालकापुरतं बाजूला ठेवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्ती करता येते. एका चुकीचे दोन वाचक वेगळे ओळखले, त्याचं हे फळ.

आपल्या चुकांना आपली नावं

आता गुरुजींच्या बिलाकडे परत येऊ. मी तेव्हा कितीही उत्तम हँडलर लिहिला असता तरी ती चूक त्यात सापडली नसती, कारण पीएचपी ५ च्या मते ती चूकच नव्हती. तीच ओळ ७.१ मध्ये चालवली तर वॉर्निंग मिळते, पण गुणाकार शून्यच येतो. आठव्या आवृत्तीत मात्र भाषा 'टाइप एरर' फेकते आणि बिल बनतच नाही. पुढे जाण्यापासून बोलण्यापर्यंत आणि बोलण्यापासून थांबण्यापर्यंत, एका गुणाकारात या भाषेचा सगळा प्रवास दिसतो. पण आजही मजकूर मुद्दाम पूर्णांकात बदलून घेतला, तर देवनागरी १२ चं निमूटपणे शून्य होतं. कुठलीही आवृत्ती त्यावर चकार शब्द काढत नाही.

म्हणून काही चुका आपणच जाहीर कराव्या लागतात. शून्य प्रतींची ऑर्डर भाषेला मान्य असेल, पुस्तकविक्रेत्याला नाही. साठ्यात आठच प्रती असताना बाराची ऑर्डर घेणं गणितात बसतं, धंद्यात बसत नाही. अशा प्रत्येक प्रसंगासाठी एक्सेप्शनचा स्वतंत्र वर्ग लिहावा आणि त्याला नेमकं नाव द्यावं. पीएचपीत हे नाव देवनागरीतही चालतं. 'साठाअपुरा' किंवा 'संख्यानाही' अशी नावं ती बिनतक्रार स्वीकारते, कारण १२८ पासून वरचा प्रत्येक बाइट तिला नावात चालतो. नाव नेमकं असलं की झेलणाऱ्याला प्रसंग कळतो. साठा अपुरा असेल तर 'आठ प्रती आत्ता पाठवू का?' असं विचारता येतं. डेटाबेस बंद असेल तर ते विचारण्यात अर्थ नसतो.

झेलताना दोन पथ्यं मात्र कडक पाळावीत. पहिलं, रिकामा कॅच कधीही लिहू नये. चूक झेलून तिचं काहीच न करणं म्हणजे पीएचपी ५ ची जुनी सवय आपल्या हाताने परत आणणं. दुसरं, अर्धवट झालेलं काम आधी मागे घ्यावं. साठ्यातून प्रती वजा झाल्या आणि बिल बनायच्या आधीच एक्सेप्शन आलं, तर डेटाबेसला 'रोलबॅक' सांगून प्रती परत जागेवर ठेवाव्यात, मगच पाहुण्याला सांगावं की ऑर्डर झाली नाही. त्याला सांगितलेलं वाक्य खरं असलं पाहिजे.

गुरुजींनी तीन हजार पाठवले आणि पुस्तकं शाळेत पोचली. मी कोडमध्ये दोन बदल केले. आलेल्या मजकुरातले देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घेतले, आणि त्यानंतरही संख्या मिळाली नाही तर 'संख्यानाही' फेकलं.

काही महिन्यांनी लॉगमध्ये पहिल्यांदाच ती ओळ आली. तारीख, वेळ, फाइल, ओळ, आणि चौकटीत भरलेला मजकूर: 'डझनभर'. त्या ग्राहकाच्या पडद्यावर तेव्हा 'प्रतींची संख्या आकड्यात लिहा, उदाहरणार्थ १२' हे वाक्य उमटलं असणार. कारण पुढच्याच मिनिटाला त्याच माणसाची दुसरी नोंद होती. प्रती १२, पुस्तकांचे ३०००, टपालखर्च ६०.